मंगळवारची प्लेट

"नाही हो, ती मी नसेन," धाकट्या बाई म्हणाल्या. "तुमचा काहीतरी घोटाळा होतोय. मला घरात चष्मा सापडत नाही, आभाळातलं काय सापडणार?"

समोरच्या खुर्चीवर बसलेली मुलगी हसली. ती वेधशाळेतून आली होती. वय फार तर अठ्ठावीस, मांडीवर हेल्मेट आणि हेल्मेटात खोचलेली कागदांची गुंडाळी. तिने त्यातला एक कागद टेबलावर सरळ केला आणि तो पुन्हा वळू नये म्हणून चहाचा कप त्याच्या कोपऱ्यावर ठेवला.

"काकू, ही सही तुमचीच ना?"

जुन्या नोंदवहीच्या पानाचा तो फोटो होता. रकान्यांत बारीक आकडे आणि शेवटच्या रकान्यात एक आखूड सही. बाईंनी कागद लांब धरला, मग जवळ घेतला, मग पुन्हा लांब धरला.

"सही तर माझीच दिसते."

"दिसते म्हणजे? आई, तू पण ना!" स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्यांची लेक म्हणाली. "शेजारणीनं येऊन केली असेल का?"

लेकीला घरात बेबी म्हणत. ती त्रेचाळीस वर्षांची होती, दोन मुलांची आई होती, रक्ततपासणीच्या लॅबमध्ये सहा जणांवर तिचा वचक होता, पण आईच्या घरात शिरली की ती बेबीच. तसंच धाकट्या बाईंचं. त्या आता एकाहत्तर वर्षांच्या होत्या. वेधशाळेच्या मोजणीच्या खोलीत दोन बायका काम करायच्या. ओळखायला सोपं जावं म्हणून कुणीतरी एकीला थोरल्या बाई म्हणायला लागलं आणि दुसरीला धाकट्या बाई. थोरल्या बाई वारल्या त्याला बारा वर्षं झाली. धाकट्या मात्र धाकट्याच राहिल्या.

मुलीने सगळं नीट सांगितलं. बाईंना त्यातलं अर्धं माहीतच होतं, पण बेबीसाठी तिने पहिल्यापासून सुरुवात केली. तेव्हा आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटवर घेत. दुर्बीण रात्रभर ताऱ्यांच्या मागोमाग सरकायची, म्हणून तारे ठिपक्यांसारखे उमटायचे. दिवसा मोजणीच्या खोलीत या दोघी त्या प्लेटा भिंगाखाली धरून एकेका ठिपक्याची जागा मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. मधेच एखादा ठिपका नसायचा, बारीकशी रेघ असायची. म्हणजे ते ताऱ्यांच्या रांगेतलं नव्हतं, स्वतःच्या वाटेने चाललेलं होतं.

"मंगळ आणि गुरू यांच्यामध्ये अशा दगडांचा मोठा पट्टा आहे," मुलगी म्हणाली. "त्यातलाच हा एक लघुग्रह. काकूंनी एका मंगळवारी तो एका प्लेटवर पाहिला, गुरुवारी दुसऱ्या प्लेटवर पुन्हा पाहिला. दोन्ही जागा मोजल्या, वेधशाळेनं त्या वर कळवल्या. पुढं हवा ढगाळ झाली. नुसत्या दोन नोंदींवर त्याचा मार्ग काही ठरेना. तो हरवला तो हरवलाच."

"आणि आता?"

"गेल्या वर्षी एका मोठ्या दुर्बिणीला एक लघुग्रह दिसला. त्याचा मार्ग हिशोबानं मागं मागं नेला, तर तो एकोणचाळीस वर्षांपूर्वीच्या या दोन नोंदींवर बरोब्बर येऊन टेकला. आता त्याला कायमचा क्रमांक मिळालाय. आणि आमच्याकडे नियम असा, की ज्यानं पहिल्यांदा पाहिला, शोध त्याचा. नावही त्यानंच सुचवायचं."

बेबीने तोंडावर हात ठेवला. "अगं आई! आणि तू आजवर बोलली नाहीस?"

"मला माहीतच नाही तर बोलू काय?" बाई म्हणाल्या. मग त्यांनी मुलीला विचारलं, "कुठला मंगळवार?"

मुलीने तारीख, महिना, वर्ष सांगितलं. धाकट्या बाईंनी मान हलवली, ऐकू आलं एवढंच कळावं म्हणून हलवतात तशी. मुलगी निघाली तेव्हा त्या तिला दारापर्यंत पोचवायलाही उठल्या नाहीत. बेबीला ते खटकलं, पण आनंदाच्या भरात ती विसरली.

तो महिना आणि ते वर्ष बाईंच्या चांगलं लक्षात होतं. तारीख मात्र नव्हती, आणि सगळं तारखेवर अडलं होतं.

त्या महिन्यातल्या एका मंगळवारी सकाळी त्या चार वर्षांच्या बेबीचा हात धरून मोजणीच्या खोलीत गेल्या होत्या. "जरा बाजारातून येते, तासाभरात," असं थोरल्या बाईंना म्हणाल्या होत्या. आणि परत आल्या होत्या गुरुवारी दुपारी. ही गोष्ट दोघींनाच माहीत होती. त्यांतली एक आता नव्हती, आणि दुसरीने ती इतकी आत दडपून ठेवली होती की आता हाताला लागेना.

आपण गेलो तो मंगळवार हाच, की पुढचा? पुढचा असेल तर प्रश्नच नाही. मग शोध त्यांचाच, सही त्यांचीच, आणि बेबी गल्लीभर सांगत सुटली होती ते सगळं खरं. हाच असेल, तर त्या दिवशी त्या त्या खोलीत नव्हत्याच.

बाईंनी माळ्यावरची पेटी उतरवून घेतली. त्यांचा नवरा पंप बसवायची कामं करायचा, महिन्यातले पंधरा पंधरा दिवस बाहेरगावी असायचा, आणि कुठे किती खोल पाणी लागलं ते डायरीत लिहून ठेवायचा. तो जाऊन नऊ वर्षं झाली होती. डायऱ्या तशाच होत्या. त्या वर्षीची सापडली. पाच तारखेपासून वीसपर्यंत तो लांबच्या कामावर होता. म्हणजे दोन्ही मंगळवार त्यात बसत होते. बाईंनी डायरी मिटली. नवऱ्याने आयुष्यभर जमिनीत कुठे काय आहे ते अचूक सांगितलं होतं, पण आत्ता त्याचा काही उपयोग नव्हता.

त्यांनी बेबीला आडून विचारून पाहिलं.

"तुला लहानपणची ती मोजणीची खोली आठवते का गं?"

"न आठवायला काय झालं? टेबलाखाली बसायचे मी. एक फिरतं स्टूल होतं. आणि एकदा तू मला उचलून त्या भिंगाला डोळा लावायला दिलं होतंस. म्हणालीस, बघ, सगळे बसलेत आणि हा एकटाच पळतोय."

"मी म्हणाले?"

"मग कोण? अगदी आठवतंय मला. तोच असणार गं तो! मीसुद्धा पाहिला म्हणजे!" बेबीच्या डोळ्यांत पाणी आलं. "आजवर वाटायचं स्वप्नच होतं ते."

बाई तिच्याकडे बघत राहिल्या. आपण असं कधी म्हटलं होतं का? म्हटलं असेलही. हजारो प्लेटा पाहिल्या, एखाद्या दिवशी पोरीला उचललंही असेल. दोन दिवस त्या मनातल्या मनात ते वाक्य घोळवत राहिल्या, आणि तिसऱ्या दिवशी त्यांना ते चक्क आठवायला लागलं. बेबीच्या केसांचा वास, तिच्या पायातला एकच मोजा, तिच्या पोटाखाली धरलेले आपले हात. भाजीवाला म्हणाला, "बाई, ऐकलं ते खरं का? तुमचा तारा आहे म्हणे!" तेव्हा बाई म्हणाल्या, "तारा नाही, दगड आहे," आणि हसल्या. घरी आल्यावर मात्र पिशवी ओट्यावर ठेवता ठेवता त्या थांबल्या. आपण भाजीवाल्याला नाही म्हटलं नाही, हे त्यांच्या लक्षात आलं. माणसाला हवं ते आठवायला तीन दिवस पुरतात, आणि नको ते विसरायला एकोणचाळीस वर्षं लागतात, असा कसा हिशोब?

त्यांनी त्या मुलीला फोन केला. "मला ती प्लेट बघायची आहे," त्या म्हणाल्या. "दोन्ही प्लेटा."

मुलीला वाटलं, म्हाताऱ्या बाईंना जुन्या आठवणींची हौस आली. ती म्हणाली, "काकू, उद्याच या."

बेबी रजा टाकून गाडी घेऊन आली. वेधशाळा टेकडीवर होती. मोजणीच्या खोलीची आता अडगळीची खोली झाली होती. भिंतीला लागून मोडक्या खुर्च्या, एक बंद पडलेलं छपाईचं यंत्र, आणि खिडकीखाली चादर घालून झाकलेलं मोजणीयंत्र. प्लेटांची लोखंडी कपाटं तेवढी जागच्या जागी होती. मुलीने चादर काढली, दिवा लावून पाहिला, तो लागला. दोन जुने जाड लिफाफे तिने आधीच काढून ठेवले होते.

"मी लावू का प्लेट?"

"नको," बाई म्हणाल्या. "कडेनं धरायची असते."

त्यांनी मंगळवारची प्लेट लिफाफ्यातून काढली, काचेची बाजू वर येईल अशी उजेडात फिरवली आणि यंत्राच्या चौकटीत बसवली. दोन्ही हातांना दोन चाक्या लागल्या. त्यांना शोधाव्या लागल्या नाहीत. स्टूल बदललं होतं, उंच होतं, त्यामुळे मान जरा वाकवावी लागली एवढंच.

भिंगात काळे ठिपके दिसायला लागले. प्लेटवर आकाश पांढरं असतं आणि तारे काळे. चाकी फिरेल तसे ते सरकत गेले आणि मग शाईची एक वाटोळी रेघ आली, काही सापडलं की त्याच्याभोवती काढायचा तो गोल. तिच्या मधोमध मुंगीच्या पायाएवढी एक तिरपी रेघ.

"सापडली का?" मुलीने विचारलं.

"हो."

बेबी मोबाइलवर चित्रीकरण करत होती. "आई, इकडे बघ ना जरा. नाही, बघू नकोस, काम करत राहा. तसंच छान दिसतंय."

बाईंनी लघुग्रह पाहिला, पण त्यांचा डोळा अडकला होता त्या शाईच्या गोलात. गोल पुरा नव्हता. सुरुवात आणि शेवट यांच्यामध्ये उजव्या अंगाला थोडी जागा सुटलेली होती.

थोरल्या बाई डावऱ्या होत्या. त्यांचा गोल उलट्या बाजूने यायचा आणि कधीही पुरा व्हायचा नाही. "शाई संपली का तुमची?" असं धाकट्या बाई चिडवायच्या. थोरल्या म्हणायच्या, "राहू दे गं. त्याला बाहेर पडायचं असेल तर वाट नको का?" धाकट्या बाई स्वतः मात्र गोल दोनदा गिरवायच्या. एकदा काढला तर विश्वास बसायचा नाही.

त्यांनी मंगळवारची प्लेट काढली, गुरुवारची लावली. चाक्या फिरवल्या. तिथे गोल होता, दोनदा गिरवलेला, घट्ट मिटलेला. तो त्यांचा स्वतःचा होता. यात शंकाच नव्हती.

आणि मग गुरुवार आठवला. हवं म्हणून आठवतं तसा नव्हे, उगाच, न विचारता. त्या दारातून आत आल्या. दोन दिवसांचे चुरगळलेले कपडे अंगावर. बेबी टेबलाखाली झोपलेली, अंगावर थोरल्या बाईंचा स्वेटर. थोरल्या बाईंनी मान वर करून पाहिलं आणि विचारलं, "जेवलीस का?" त्या नाही म्हणाल्या. थोरल्या बाईंनी आपला डबा पुढे सरकवला. "खाऊन घे. मग ही प्लेट बघ. परवाच्यावर एक पळपुटं सापडलंय, आता कुठं गेलंय ते शोधून दे मला." एवढंच. त्यांनी डबा खाल्ला, हात धुतले, आणि शोधून दिलं.

"काकू?" मुलगी म्हणाली. "बरं वाटतंय ना?"

बाईंनी पुन्हा एकदा भिंगाला डोळा लावला. बघायचं काही उरलं नव्हतं. डोळा लावलेला असला की कुणी बोलत नाही, म्हणून लावला. गप्प राहिलं तर चालण्यासारखं होतं. मुलीजवळ सही होती, वेधशाळेजवळ नोंद होती, बेबीजवळ आठवण होती. सगळ्या गोष्टी एकमेकींशी जुळत होत्या. न जुळणाऱ्या एकट्या त्याच होत्या.

"गुरुवारची माझी," त्या डोळा न काढता म्हणाल्या. "मंगळवारची नाही."

"म्हणजे?"

"मंगळवारची थोरल्या बाईंनी पाहिली. गोल त्यांचा आहे. वहीतली सहीसुद्धा त्यांनीच केली, माझ्यासारखी. त्या दिवसाची मस्टरवरची सहीही बघा, बुधवारची पण. सगळ्या डावीकडे कललेल्या असतील."

मुलगी गोंधळली. "पण त्यांनी तुमची सही का करावी?"

"माझी गैरहजेरी लागू नये म्हणून."

"तुम्ही आला नव्हतात?"

"नाही."

"अगं, काय बोलतेस?" बेबी म्हणाली. मोबाइल तिच्या हातात तसाच वर धरलेला होता. "मी होते इथं. तू मला उचललं होतंस."

बाईंनी डोळा काढला. "तुला थोरल्या बाईंनी उचललं बेबी. मी नव्हते. तुला त्यांच्याजवळ सोडून मी निघून गेले होते. दोन दिवस."

बेबीने मोबाइल खाली केला. चित्रीकरण चालूच होतं. त्यात पुढची तीन-चार मिनिटं फरशी तेवढी आली.

मुलगी शहाणी होती. "मी मस्टर घेऊन येते," असं म्हणून ती बाहेर गेली आणि बराच वेळ आली नाही.

गाडी टेकडी उतरून सपाटीला लागली. मग बेबीने गाडी एका भिंतीच्या कडेला घेतली आणि बंद केली.

"बाबा मारायचे का तुला?"

"छे! त्यांनी कधी आवाजही चढवला नाही."

"दुसरं कुणी होतं?"

"वेडी आहेस का तू?"

"मग का गेलीस?"

"मला कळत नाही."

"असं कसं कळत नाही? माणूस चार वर्षांची पोर टाकून जातं आणि त्याला कळत नाही?"

"नाही कळत," बाई म्हणाल्या. "तेव्हाही नाही, आत्ताही नाही. मी खरंच बाजारातच निघाले होते. स्टँडवर एक बस लागली होती, तिच्यात चढून बसले. पाटीसुद्धा वाचली नाही. जिथं ती थांबली तिथं उतरले. मोठं स्टेशन होतं. बायकांच्या वेटिंगरूममध्ये बसले. तिथली झाडणारी बाई दोनदा म्हणाली, पाय वर घ्या. मी घेतले. दोन दिवस मी तेवढंच केलं बघ."

"आणि परत? परत का आलीस?"

बाईंनी सीटचा पट्टा सोडला.

"माझ्यासाठी आले, असं म्हण की," बेबी म्हणाली. "एवढं तरी म्हण."

"म्हटलं असतं. आत्तापर्यंत मी मनाशी तेच म्हणत आले. पण आज एकदा खरं बोलायला बसलेच आहे, तर..." बाईंनी पदर नसलेल्या खांद्यावरून उगाच हात फिरवला. "गुरुवारी सकाळी बाहेर आले, तर समोर परतीची बस उभी होती. तिच्यात बसले. गेले तशीच आले. तुझी आठवण झाली ती खोलीत शिरल्यावर, तुझा पाय टेबलाखालून बाहेर आलेला दिसला तेव्हा."

बेबी स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून समोर बघत होती. समोर भिंतच होती.

"थोरल्या बाई काय म्हणाल्या?"

"जेवलीस का, म्हणाल्या."

"बस?"

"बस. पुढं पंचवीस वर्षं शेजारी बसलो, पुन्हा कधी विषय काढला नाही त्यांनी. मीही नाही."

"मी रडले होते का ते दोन दिवस? रात्री कुठं झोपले? काय खाल्लं मी?"

"त्यांच्या घरी झोपली असशील. बाकीचं मी विचारलं नाही."

"एकदाही?"

"एकदाही."

बेबीने गाडी सुरू केली. आईला घरापाशी सोडलं, वर आली नाही.

पुढचे सतरा दिवस ती आली नाही. फोन रोज यायचा, पण कामाचा. गोळ्या घेतल्यास का, गॅस आला का, बरं ठेवते. धाकट्या बाईंना वाटायचं, आपण बोललो ते बरं केलं. आणि तासाभराने वाटायचं, कुणी मागितलं होतं का? मेलेल्या माणसाचं देणं फेडायला जिवंत माणसाच्या हातातलं काढून घेतलं आपण. पोरीजवळ आईची एक आठवण होती, तीही खोटी ठरवली. आणि बदल्यात दिलं काय? वेटिंगरूममधली एक बाई, पाय वर घेऊन बसलेली. चांगलं झालं की वाईट, हे त्यांना काही केल्या ठरवता येईना. भाजीवाल्याला मात्र त्यांनी आवर्जून सांगितलं, की तो दगड माझा नाही, माझ्याबरोबर काम करणाऱ्या बाईंचा आहे. त्याने "अस्सं होय," म्हणून नेहमीसारखी कोथिंबीर वर टाकली. त्याला दोन्ही बातम्या सारख्याच होत्या.

अठराव्या दिवशी वेधशाळेतली मुलगी पुन्हा आली. मस्टर, नोंदवही, थोरल्या बाईंची जुनी पत्रं, सगळं अक्षर तज्ज्ञाकडून ताडून पाहिलं होतं. "तुमचं बरोबर निघालं काकू. शोध त्यांच्या नावावर, दुसरा वेध तुमच्या नावावर. पण त्या नाहीत, त्यांचं जवळचंही कुणी नाही. म्हणून साहेब म्हणाले, नाव तुम्हीच सुचवा."

"थोरली," बाई लगेच म्हणाल्या.

"त्यांचं खरं नाव घालू या की. आडनावासकट."

"खऱ्या नावानं त्यांना पगारपत्रकाशिवाय कुणी ओळखलं नाही. थोरलीच लिहा."

मुलीने लिहून घेतलं. खाली कारणासाठी दोन ओळींची जागा होती. ती म्हणाली, "इथं त्यांच्याबद्दल थोडक्यात लागतं. काय लिहू?"

बाई म्हणाल्या, "लिहा, की त्या मोजणीच्या खोलीत चौतीस वर्षं होत्या आणि त्यांच्या मोजणीत कधी चूक निघाली नाही."

"आणखी?"

"आणखी त्या कागदावर मावायचं नाही."

नाव मंजूर होऊन यायला सात महिने लागले. त्या दिवशी बेबी स्वतःहून आली. तोवर ती पुन्हा घरात यायला लागली होती, भांडी घासून ठेवायची, आईचे केस कापून द्यायची. पण मधेच हात थांबवून आईकडे अशी बघायची की जणू ही कोण, हे तिला नव्याने विचारायचं आहे. वेधशाळेचं पत्र तिने दोनदा वाचलं, घडी घातली आणि म्हणाली, "मला थोरल्या बाईंचं घर दाखव. मी झोपले होते ते."

घर म्हणजे एका जुन्या इमारतीतली तळमजल्याची एकच खोली. आता तिथे टेलर बसत होता. दाराला लटकवलेले शर्ट बाजूला सारून दोघी आत गेल्या. पन्नाशीचा, गळ्यात टेप, तोंडात दोन टाचण्या असा माणूस मशीनवर काम करत होता. त्याने भुवईनेच विचारलं, काय?

"शिवायचं काही नाही," धाकट्या बाई म्हणाल्या. "इथं पूर्वी आमच्या ओळखीच्या बाई राहायच्या. नुसतं बघायला आलो."

त्याने टाचण्या काढून उशीला टोचल्या आणि पायाने एक स्टूल त्यांच्याकडे सरकवलं. बाई बसल्या.

"मी येऊन दहा वर्षं झाली. माझ्या आधी एक क्लासवाला होता. बाई कोण होत्या?"

"वेधशाळेत होत्या. त्यांच्या नावाचा एक दगड आहे आता आभाळात. परवाच नाव दिलं."

टेलरने मशीन थांबवलं. "आभाळात? केवढा?"

"चारेक किलोमीटरचा."

"आणि नाव काय?"

"थोरली."

"चार किलोमीटरचा आणि थोरली?" त्याला हसू आलं, पण बाईंचा चेहरा बघून त्याने ते आवरलं. "मग तिथं काय आहे? पाणीबिणी?"

"काही नाही. नुसता फिरतो."

"बरं," तो म्हणाला. त्याला पटलं की नाही ते कळलं नाही. त्याने वर पाहिलं. वर पंखा होता आणि छताला ओल आली होती.

बेबी खोलीच्या मधोमध उभी होती. एका भिंतीला कापडाचे तागे उभे केलेले, दुसरीला आरसा, कोपऱ्यात चिंध्यांचं पोतं. तिने खिडकीकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं. खाली वाकून चार वर्षांच्या पोरीच्या डोळ्यांना जेवढी दिसेल तेवढी खोली बघितली.

"आठवतं का काही?" आईने विचारलं.

"नाही गं. काहीच नाही." तिने टेलरला विचारलं, "इथं पलंग कुठल्या बाजूला असेल हो?"

टेलर उठला. त्याने क्षणभर खोलीकडे परकी असल्यासारखं पाहिलं आणि मग भिंतीशी उभे केलेले तागे एकेक करून उचलायला लागला. दारात एक गिऱ्हाईक येऊन उभं राहिलं, हातात पँट घेऊन. "पाच मिनिटं थांबा हां," टेलर त्याला म्हणाला. "यांचं जरा बघून होऊ दे."

मागची भिंत हळूहळू मोकळी झाली. पांढरा चुना होता, आणि खाली फरशीवर पलंगाच्या पायांचे दोन पुसट चौकोन, किंवा कदाचित ते क्लासवाल्याच्या बाकाचे असतील. बेबी त्यांच्यामध्ये जाऊन भिंतीला पाठ लावून खाली बसली. धाकट्या बाई स्टुलावरून उठल्या, तिच्या शेजारी जागा होती तिथे भिंत धरत धरत त्याही बसल्या, आणि गिऱ्हाईक दारात तसंच थांबलं.